मुळं धरलेलं छाटकलम वाढतच नाही? या चुका टाळा

आषाढात खोचलेली काडी. तिला मुळं फुटली, चार पानं आली, घरात सगळ्यांना दाखवूनही झालं. आणि दिवाळी आली तरी पानं चारच. वाळतही नाही, वाढतही नाही. जुळे सोलापुरातल्या माझ्या गच्चीवर दर वर्षी अशी पाच-सहा रोपं निघतात, शेजारून येतात ती वेगळी. "वहिनी, याला काय झालंय बघा की," म्हणत कुंडी दारात ठेवून जातात. अशी रोपं बहुतेक वेळा वाचतात. ती मरतात ती आपण घाईने केलेल्या उपचारांनी, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी नखाने खोडाची साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं, तर रोप जिवंत आहे. आत तपकिरी, कोरडं असेल तर थोडं खाली खरवडून बघा. हिरवं लागेल तिथपर्यंत वरचा भाग छाटून टाका.

खताची घाई

रोप थांबलं की हात आधी खताच्या डब्याकडे जातो. नेमकं तेच करायचं नाही. नव्या कलमाला मुळं असतात मोजकी, दोऱ्यासारखी. त्यांच्याभोवती क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांच्या कडा करपतात आणि उरलीसुरली मुळंही जळतात. पेंड, कच्चं शेणखत, युरिया, काहीही नको. खत द्यायचं ते नवा फुटवा दिसल्यावर. तेव्हासुद्धा लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), पंधरा दिवसांतून एकदा. एवढं पुरतं.

याला एक अपवाद. नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा वाळूत मुळं फुटलेलं कलम महिनोन् महिने तिथेच ठेवलं असेल, तर ते खरंच उपाशी असतं. काडीतला साठा संपतो आणि कोकोपीटमध्ये खायला जवळजवळ काही नसतं. त्यालाही डोस वाढवण्यापेक्षा मातीत हलवणं बरं.

मुळं न बघताच उपचार

संध्याकाळी पाणी द्या, सकाळी माती ओलसर असताना रोप काढा. खोड दोन बोटांच्या मध्ये घेऊन कुंडी उलटी करायची आणि तळावर थाप मारायची. खोडाला धरून ओढायचं नाही. पिशवी असेल तर ब्लेडने उभी चिरा. बोगनवेलीची मुळं फार ठिसूळ असतात, तिची पिशवी कुंडीच्या खड्ड्यात ठेवूनच कापावी.

मागच्या वर्षी शेजारच्या काकूंचा मोगरा असा काढला. बारा इंची कुंडी, नुसती काळी माती. मातीचं ढेकूळ फोडलं तर आत रोपवाटिकेतला कोकोपीटचा गोळा चहाच्या पेल्याएवढा, जसाच्या तसा. सगळी मुळं त्या गोळ्यातच गोल-गोल फिरलेली, एकही बाहेर काळ्या मातीत शिरलेलं नाही. बाहेरची माती चिकट ओली आणि गोळा मधोमध कोरडा ठणठणीत. काकू म्हणाल्या, "अगं, रोज पाणी घालते की मी!" घालत होत्याच. पण एकदा वाळलेलं कोकोपीट सहज पाणी धरत नाही, आणि काळी माती वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर पडतं. आपल्याला वाटतं, कुंडी भरपूर भिजली.

तो गोळा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवला. बुडबुडे यायचे थांबल्यावर बाजूचं आणि तळाचं निम्मं कोकोपीट बोटांनी हळूच सोडवलं, गोल फिरलेली मुळं मोकळी केली आणि रोप सहा इंची कुंडीत लावलं. मिश्रण असं: दोन वाटे तांबडी माती किंवा पोयटा, एक वाटा जाड वाळू, एक वाटा कुजलेलं गांडूळखत. आपली काळी माती वापरायचीच असेल तर एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. काळ्या मातीत मूठभर वाळू मिसळून काहीच साधत नाही.

मुळं पांढरी किंवा पिवळसर आणि कडक असतील तर ठीक. जुनं मूळ तपकिरी असलं तरी कडक असेल तर चालतं. बोटांत धरल्यावर वरची साल सटकून आत नुसता दोरा राहिला, आंबूस वास आला, की ते कुजलेलं. तेवढं स्वच्छ कात्रीने कापा, पानंही निम्मी कमी करा, आणि रोप पेल्याएवढ्या कुंडीत लावून वर पारदर्शक पिशवी सैल घाला. पंधरा दिवस सावलीत ठेवा. पिशवी रोज थोडा वेळ उघडायची.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमींची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींची खूण. आपला जिल्हा डाळिंबाचा, ओळखीच्या बागेतून माती आणायची सवय अनेकांना असते, आणि डाळिंबात हा त्रास नवा नाही. असं छोटं कलम वाचवत बसू नका. मातीसकट टाकून द्या आणि ती माती दुसऱ्या कुंडीत अजिबात घालू नका.

मोठी कुंडी आणि पाण्याचा वार

"पुन्हा बदलायला नको" म्हणून इवलंसं कलम थेट मोठ्या कुंडीत लावतात. मुळं पोचत नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. शिवाय आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी आलं की सगळ्या कुंड्या काठोकाठ भरायची सवय लागते. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, मग वार कुठलाही असो.

पानं पिवळी, शिरा हिरव्या

जास्वंद, मोगरा, गुलाब यांची नवी पानं अशी दिसली तर लोहाची कमतरता समजा. काळ्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण ते रोपाला मिळत नाही. त्यात बोअरचं जड पाणी. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो त्याचाच. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकला तर चुन्यामुळे लवकरच निकामी होतो. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारा. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत निकामी होऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, घेताना 'ईडीडीएचए' लिहिलेलं मागा. 'ईडीटीए' आपल्या मातीत टिकत नाही. पावसाचं पाणी साठवून महिन्यातून एकदा कुंडी धुऊन निघेल एवढं दिलं, तरी बराच फरक पडतो.

ऋतू न बघणं

मार्गशीर्ष-पौषात मोगरा, अंजीर, डाळिंब थांबतात, तो त्यांचा स्वभाव आहे. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा (सोलापूरच्या सिद्धेश्वराची) होऊन थंडी ओसरेपर्यंत त्यांना छेडू नका, कुंडीही बदलू नका. उन्हाळ्यात उलटं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीच्या फरशीवर ठेवलेल्या काळ्या पिशवीतली माती हाताला चटका देते. त्या मातीत कोवळी मुळं भाजतात. पिशव्या फळीवर किंवा विटांवर ठेवा, भोवती ओलं गोणपाट, वर हिरवी जाळी. सकाळचं दोन तास ऊन मात्र हवं. ते तोडून रोप घरात कोपऱ्यात नेलं, तर ते वाचेल पण वाढणार नाही.

डोळा नसलेलं कलम

रबराच्या झाडाचं नुसतं पान देठासकट लावलं तरी त्याला मुळं फुटतात. वर्षभर ते पान हिरवंगार राहतं, आणि त्यातून झाड कधीच येत नाही, कारण फुटायला डोळाच, म्हणजे पेरावरचा कोंब, नसतो. अशा कलमाला कितीही जपलं तरी उपयोग नाही. पेरासकट नवी काडी घ्या. झीझी प्लांटचं पान दिसायला असंच, पण ते मातीखाली कंद करत असतं. त्याला पाच-सहा महिने तरी द्या, रोज उकरून बघू नका.

आणि कळ्या. गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या वीतभर कलमाला कळी आली की खुडवत नाही, मलाही जड जातं. पण मुळं कमी असताना फूल ठेवलं तर शेंडा थांबतो. पहिल्या कळ्या खुडाच.

काकूंचा मोगरा जुलैत हलवला होता. तीन आठवडे काहीच नाही. मग खालून दुसऱ्या पेरातून तांबूस टोक दिसलं, आठवड्यात दोन पानं उघडली. काकू म्हणाल्या, "आता मोठ्या कुंडीत लावू या?" मी म्हटलं, तळाच्या भोकातून मुळं डोकावू द्या, मग आठ इंची आणा.