काचेबद्दलच्या पत्रांवर लिहिताय? या चुका टाळा

दुर्बिणीच्या काचेबद्दल एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं हा माझा जुना नाद. त्यामुळे या विषयावर कुणी मराठीत लेख लिहिला, की तो "जरा नजर टाका" म्हणून माझ्याकडे येतो. मी नजर टाकतो आणि त्याच त्याच चुका बघून चहा थंड करतो. मग म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

पहिली चूक माझी स्वतःचीच आहे. शिरांना तडे म्हणणे. एका दिवाळी अंकात मी इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने केलेल्या काचेबद्दल लिहिलं होतं. मूळ मजकुरात 'स्ट्राया', म्हणजे शिरा, हा शब्द जागोजाग येतो. काचेतला दोष म्हणजे तडाच असणार, असं मनाशी ठरवून मी सगळीकडे 'तडे' करून टाकले. अंक निघाला, कौतुकाचे दोन फोन आले. तिसरा फोन भिंगं घासण्यात आयुष्य घालवलेल्या एका आजोबांचा होता. "अहो, तुमच्या लेखातला तो काचवाला गिनां काच वितळवून ढवळतो म्हणता. तडा काय ढवळून जातो? आणि वितळलेल्या काचेला तडा जाईलच कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "रविवारी घरी या," म्हणाले.

गेलो. त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, दोऱ्याला बांधलेला खडीसाखरेचा खडा त्यात वरच्या वर सोडला आणि पेला खिडकीच्या गजांसमोर धरला. खड्याखालून बारीक धारा लोंबायला लागल्या. पाणी स्वच्छ, धाराही स्वच्छ, पण मागचा सरळ गज तेवढ्यापुरता वेडावाकडा दिसायला लागला. "ही बघा शीर. काच अखंड असते, पण सगळीकडे सारखी नसते." मग त्यांनी चमच्याने पाणी ढवळलं. जरा वेळाने गज सरळ झाला. माझी सहा पानं त्या चमच्याने निकालात काढली.

शिरा येतात कुठून, हे कळलं की निम्मी पत्रं आपोआप उलगडतात. फ्लिंट काचेत वाळूबरोबर शिशाचं ऑक्साइड असतं, म्हणजे आपला शेंदूर किंवा मुर्दाडशिंग. शिशाचा अंश जड, तो मुशीच्या तळाकडे जातो. वरच्या थरातून काही भाग वाफ होऊन उडतो. त्यात शिसं मुशीची माती खातं आणि ती मातीही काचेत विरघळते. एका मुशीत तीन प्रकारची काच तयार झाली, की शिरा आल्याच. स्वित्झर्लंडच्या पिएर लुई गिनांने (१७४८–१८२४) भाजलेल्या मातीच्या दांड्याने काच ढवळायला सुरुवात केली. ती विद्या घेऊन तो बव्हेरियात बेनेडिक्टबॉयर्नला गेला आणि तिथे पुढे भिंगांसाठी नावाजलेला तरुण फ्राउनहोफर त्याच्या हाताखाली आला. फॅरेडेने तर मातीची मूसच टाळली. प्लॅटिनमचं तबक आणि ढवळायला प्लॅटिनमचंच दाताळं. यातही गोम होती: भट्टीतल्या वायूने शिशाचं ऑक्साइड मोडलं, की सुटं झालेलं शिसं प्लॅटिनमशी एकजीव होऊन तबकाला भोक पाडायचं.

बुडबुडे हा निराळा दोष. बुडबुडा थोडा प्रकाश अडवतो, पण शीर अख्खी प्रतिमा बिघडवते. तेव्हापासून माझी सवय झाली आहे: पत्रात दोषाचा उल्लेख आला, की समासात पेन्सिलने लिहायचं – शीर, बुडबुडा की रंग. कळलं नाही तर जागा कोरी ठेवायची. कोऱ्या जागेची नव्या लेखकांना फार लाज वाटते. मला ठोकून दिलेल्या शब्दाची जास्त वाटते.

दुसरी चूक, पत्र वाचणे आणि पुडकं विसरणे. या पत्रांबरोबर बहुतेक वेळा काचेचा तुकडा जात असे. आपल्या हाती कागद राहिला आहे, काच नाही. म्हणजे फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखं. दुर्बिणीची काच सुधारण्यासाठी लंडनमध्ये १८२४ साली रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची संस्था आणि समुद्रावर रेखांश काढण्याचं काम बघणारं सरकारी बोर्ड ऑफ लाँगिट्यूड यांची संयुक्त समिती बसली. पुढच्या वर्षी काम तिघांवर आलं: काच करायची फॅरेडेने, घासायची दुर्बिणी करणाऱ्या डॉलंडने, प्रकाशाच्या कसोटीला लावायची खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने. तेव्हा या तिघांचं काही वाचताना मी आधी एकच बघतो, काच आत्ता कुणाच्या हातात आहे? भट्टीवाल्याची 'चांगली' आणि मोजणाऱ्याची 'चांगली' या दोन वेगळ्या गोष्टी.

याच चुकीचं सगळ्यात लाडकं रूप म्हणजे ऑटो शॉटचं पत्र. २७ मे १८७९. खिडक्यांच्या काचेच्या धंद्यातल्या घरात वाढलेला हा तरुण रसायनज्ञ जर्मनीतल्या व्हिटेनहून येनाच्या भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबेला लिहितो: मी लिथियम घालून काच केली आहे, तिचे प्रकाशीय गुण विशेष असावेत, तपासून द्याल का? इथे लेखक पुस्तक मिटतो आणि लिहितो, "अशा रीतीने आधुनिक प्रकाशीय काचेचा जन्म झाला." उताविळा नवरा गुडघ्याला बाशिंग! अहो, पुढचं पत्र तरी उघडा. त्या काचेत इतक्या शिरा होत्या की धड मापही घेता येईना. शॉटला आधी लहान मुशीतली काच नीट ढवळायला शिकावं लागलं. मापण्याजोगा नमुना आला तेव्हा कळलं, की लिथियमकडून जे हवं होतं ते मिळत नाही.

हवं काय होतं? क्राउन (बिनशिशाची) आणि फ्लिंट काचेची भिंगं जोडली की रंगांची झालर बरीचशी जाते, पण सगळी जात नाही. फ्लिंट काच वर्णपटाचं निळं टोक क्राउनपेक्षा जास्त ताणते, म्हणून ताऱ्याभोवती जांभळट कड उरते. दोन्ही टोकं सारख्या प्रमाणात ताणणारी काचांची जोडी सापडली तर ती कड जाईल. शॉट त्यासाठी बोरॉन आणि फॉस्फरसकडे वळला. १८८२ मध्ये तो येनाला आला, १८८४ मध्ये आबे आणि सूक्ष्मदर्शक करणारे झाइस पिता-पुत्र यांच्याबरोबर काचेची प्रयोगशाळा निघाली आणि १८८६ च्या पहिल्या यादीत ४४ काचा होत्या. हे सगळं लिथियम हातचं गेल्यानंतरचं.

म्हणून मी या पत्रांत आधी आकडे, म्हणजे काचेची मापं, वाचतो, मग मजकूर. "आकडे रुक्ष वाटतात, गाळले तर चालेल का?" असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. गाळा, पण मग उरतं ते 'आपला स्नेहांकित'.

आता जरा भराभर.

"डेव्हीने फॅरेडेवर सूड म्हणून काच लादली." नाटकाला छान आहे. पण डेव्ही, म्हणजे फॅरेडेचा गुरू, मे १८२९ मध्ये वारला आणि फॅरेडेने जुलै १८३१ मध्ये सोसायटीला पत्र लिहून काच तूर्त बाजूला ठेवू द्या, मला माझे विचार तडीला न्यायचे आहेत, असं कळवलं. मधली दोन वर्षं कोण सूड घेत होतं?

क्राउन काचेला 'मुकुट काच' करणे. मोबाईलवर भाषांतर केल्याचं लगेच कळतं. क्राउन असंच लिहा.

फ्लिंट म्हणजे गारगोटीची काच. नाव तिथून आलं, माल नाही. या पत्रांच्या काळात वाळू वापरत.

फॅरेडेच्या कृतीतला 'प्रपोर्शनल' आजच्या अणूंच्या हिशेबात बसवणे. सिलिका, बोरिक आम्ल आणि शिशाचं ऑक्साइड प्रत्येकी एक 'प्रपोर्शनल', हे तेव्हाच्या तुल्यभारांवर, म्हणजे पदार्थ एकमेकांशी ज्या वजनांच्या प्रमाणात जुळतात त्यांवर, बेतलेलं माप आहे. तसंच ठेवा.

आबेला पाद्री करणे. खरंच घडलंय. फ्रेंच 'आबे' म्हणजे धर्मगुरू, म्हणून एका लेखात एर्न्स्ट आबेला झगा चढवला होता. गंमत म्हणजे त्याच लेखातला विल्यम व्हर्नन हारकोर्ट खरोखर पाद्री होता, आणि त्याला 'कारखानदार' केलं होतं. हा हारकोर्ट १८३४ पासून काच वितळवत होता, १८६२ पासून भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स त्याच्या जोडीला आला, आणि पुढे येनाला झालेल्या फॉस्फेट काचेची वाट त्याने आधी चोखाळली होती. मोठा निर्दोष तुकडा मात्र हाती लागेना. 'अपयशी' म्हणून त्याला एका ओळीत उडवू नका. येनाच्या काही फॉस्फेट काचाही हवेत खराब होऊन यादीतून गेल्या.

तळटीप न वाचणे. १३ सप्टेंबर १८४५ ला फॅरेडेने चुंबकाचा प्रकाशावरचा परिणाम पाहिला, तो त्याच जुन्या जड काचेच्या तुकड्यातून. हे सगळे लिहितात. त्या प्रयोगावरच्या त्याच्या निबंधात एक तळटीप आहे. १८२७ च्या डिसेंबरात भट्टीवर मदतीला आलेला तोफखान्यातला सार्जंट अँडरसन अजून माझ्याबरोबर आहे, त्याच्या काटेकोरपणाचा आणि निष्ठेचा मी ऋणी आहे, असं फॅरेडे तिथे लिहितो. माझ्याकडे आलेल्या लेखांत आजवर अँडरसन एकदाच दिसला, आणि तोही 'अँडर्सन अँड सन्स' म्हणून.