मेळ्यात सर्कस आली की तक्रार करताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात सर्कशीचा तंबू लागला की काही मंडळी तळमळीने अर्ज घेऊन धावतात. तळमळ खरी असते, पण अर्जाची पहिलीच ओळ चुकते: "सर्कशीत वन्य प्राण्यांवर बंदी घाला." वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ केंद्र सरकारच्या 1998 च्या अधिसूचनेने बंद आहेत. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बंदी कायम ठेवली. साहेब म्हणतात, "ये तो पहले से बंद है," आणि विषय तिथेच मिटतो. तंबूमागचे उंट, घोडे, कुत्री, पक्षी मात्र जिथे होते तिथेच राहतात.

म्हणून मागणी नेमकी करा. अमुक सर्कशीत अमुक प्राणी आहे, त्याची भारतीय जीव-जंतु कल्याण मंडळाकडची नोंदणी दाखवा. ही नोंदणी करताना प्राण्याकडून कोणत्या प्रकारचा खेळ करून घेणार, हेही सांगावं लागतं. नोंदणीत नसलेला खेळ रिंगणात दिसला, तर तीच तुमची तक्रार. सर्व प्राण्यांवर बंदी आणण्याचा नियम 2018 मध्ये मसुद्याच्या रूपात जाहीर झाला होता. मसुद्यालाच कायदा समजून त्याचा हवाला देऊ नका, तुमचा बाकीचा अर्जही कच्चा ठरतो.

पोपटांच्या बाबतीत फार गोंधळ होतो. छोट्या सायकलवर चालवला जाणारा हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट आपला देशी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, पाळणं गुन्हा आहे. ती तक्रार वनविभागाकडे, म्हणजे डीएफओंच्या (विभागीय वन अधिकाऱ्यांच्या) कार्यालयात द्यायची. पांढरा काकाकुवा किंवा रंगीत मकाव परदेशी, त्यांच्यासाठी नोंदणीचा प्रश्न विचारायचा. दोन्ही एकाच अर्जात कोंबले, की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. अर्ज हिंदीतच लिहा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

व्हिडिओ काढताना गाणी लावून तुकडे जोडू नका. हत्ती जागच्या जागी डोलत असेल, तर ते आनंदाने नव्हे. बांधून ठेवलेल्या आयुष्यानं त्याला ती सवय लागलेली असते. ते डोलणं दोन मिनिटं सलग घ्या. साखळीचा पाय, कानामागची अंकुशाची जखम जवळून दिसू द्या, आणि सर्कशीच्या नावाची पाटीही त्याच चित्रणात येऊ द्या. मात्र खेळ चालू असताना रंगमंचावर किंवा त्यामागे घुसू नका. पशू क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 25 नुसार तशी मुभा पोलिसांनाही नाही. एरवी वाजवी वेळी सब-इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी आत जाऊन तपासणी करू शकतो, त्यांनाच सोबत घ्या.

उशीर नको. याच कायद्याखाली गुन्ह्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो, आणि तंबू तर त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या गावी गेलेला असतो. सगळ्यात उत्तम म्हणजे मेळ्याच्या परवानग्या निघत असतानाच लेखी हरकत देणं.

आता थोडं आपल्या घरातलं. सर्कस म्हटलं की आजी-आजोबांचे डोळे चमकतात, आणि आपण त्यांनाच "तुम्ही क्रूर" म्हणतो. हे टाळा. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे आपलेच. ग्वाल्हेरला ख्यालगायक हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकलेले, आणि पुढे त्यांचे गायक चिरंजीव रहिमत खाँसाहेब यांना जिवापाड सांभाळणारे. ते मुळात अश्वविद्येतले माणूस. झुल्यावरचे, तारेवरचे कलाकार हीच सर्कशीची खरी शान आहे, हे आजोबांना सांगितलं तर तेही सही करतील. तंबूतल्या कलाकारांशीही भांडू नका, त्यांची रोजी त्यावरच आहे.

शेवटची चूक सर्वांत महाग पडते: जप्तीची मागणी करायची, पण प्राणी ठेवायचे कुठे याचा विचार करायचा नाही. ग्वाल्हेरच्या गांधी प्राणी उद्यानात प्रत्येकाला जागा मिळेलच असं नाही. भोपाळच्या वनविहारात सर्कशीतून सोडवलेले सिंह-वाघ ठेवले गेले आहेत, हत्तींसाठी मथुरेजवळ केंद्र आहे. जागेबद्दल आधी वनविभागाशी बोला, आणि प्राणी हलवल्यावर तो कुठे पोहोचला, हे लेखी मागवा.