ग्रास कटरची दोरी निवडताना या चुका टाळा

‘दोरी सारखी तुटतेय, जरा जाड द्या.’ ग्रास कटर नवा घेतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलंय. दोरी म्हणजे यंत्राच्या टोकाला गरगर फिरून गवत कापणारी नायलॉनची दोरी. ती तुटली की पहिला संशय जाडीवर. ती आपण कुठे आपटतोय, भरलीय कशी, हे बघायला कुणाला वेळ नसतो.

दोरी गवत बघून नाही, यंत्र बघून घ्यायची. किती मिलिमीटरची चालेल ते माहितीपुस्तिकेत असतं. बॅटरीवरच्या हलक्या यंत्रांना साधारण १.६ मिमी पुरते, पेट्रोलच्या मध्यम यंत्रांना २ ते २.४, आणि ३ मिमी ही मोठ्या इंजिनांची गोष्ट. २ च्या जागी ३ मिमी घातली तर जाडी दीडपट, पण वजन सव्वादोनपट! वर हवेचा विरोध वाढतो तो वेगळाच. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलास यांनी हे यंत्र पहिल्यांदा करून बघितलं ते पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडून, त्यात मासेमारीची दोरी ओवून. गवत कापतो तो वेग, दोरीची जाडी नव्हे.

आमच्या मेव्हण्यांना हे पटलं नाही. त्यांचं यंत्र छोटं, २ मिमीचं. ३ मिमीची दोरी हेडच्या, म्हणजे दोरीचं रीळ असलेल्या फिरत्या डब्याच्या, भोकातून जाईना, तर त्यांनी ड्रिलनं भोकं मोठी केली. गार्डवरचं, म्हणजे हेडमागच्या संरक्षक झाकणावरचं, पातं दोरी छाटतं म्हणून गार्डही काढून ठेवला. अहो, दोरी मापात ठेवणं हेच त्या पात्याचं काम! दोरी जाड, त्यात लांब. रेस पूर्ण दाबली तरी फेरे चढेनात. फेरे कमी पडले की क्लचचे शू (इंजिनाबरोबर फिरणारे ठोकळे) ड्रमला (हेड फिरवणाऱ्या वाटीला) घट्ट धरत नाहीत, नुसते घसरत राहतात आणि तापतात. थोड्याच वेळात करपल्याचा वास सुटला. मी उघडलं तेव्हा ड्रम निळा पडला होता आणि शू घासून चकचकीत झाले होते. ‘यंत्रच फालतू निघालं,’ मेव्हणे म्हणाले. नात्यातला माणूस, मी गप्प बसलो. पण तेव्हापासून गार्ड काढून काम करणारा दिसला की मी वाद घालत नाही, लांब जाऊन उभा राहतो.

आकाराचं फार मनावर घेऊ नका. चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराच्या दोरीला कडा असतात, त्यामुळे जाड देठाचं तण ती चटकन कापते. भिंतीला घासली की त्याच कडा आधी जातात. मी गोलच वापरतो.

दोरीऐवजी तार? अजिबात नाही. तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.

माझं दुसरं दुखणं म्हणजे दोरी भरतानाची घाई. रीळ काठोकाठ भरायचं, वेढे एकमेकांवर चढवायचे आणि मग ‘हेड खराब आहे, दोरी बाहेरच येत नाही’ म्हणून ओरडायचं. असं हेड उघडून बघा. आत वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. नखानं सोडवायला गेलं तर टर्र करून सुटतात आणि जिथे चिकटले होते तिथे दोरीवर पांढरट चरा राहतो. पुढच्या वेळी ती नेमकी तिथेच तुटणार. सैल वेढे आत थरथरत एकमेकांवर घासतात, तापतात आणि वितळून जुळतात. मी टेबलाशी बसून भरतो, रिळावरच्या बाणाच्या दिशेनं, अंगठ्यानं ताण देत, वेढ्याला वेढा लावून. काठाला थोडी जागा राहिली की थांबतो. पाच मिनिटं जातात. ती वाचवणारे लोक नंतर अर्धा तास स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेले मी पाहिलेत.

बंडल जुनं असेल तर आदल्या रात्री बादलीत बुडवून ठेवा. नायलॉन पाणी शोषतं. कोरडं पडलं की कडक होऊन तुटतं, भिजलं की पुन्हा लवचीक होतं. उन्हात लटकवलेलं बंडल मात्र मी घेतच नाही.

टॅप करून दोरी सोडायचं हेड असेल तर ते रेस चढलेली असताना जमिनीला हलकं टेकवायचं. आपटायचं नाही, ते काही नारळ नाही.

आणि टोकानं कापा. कापणीचा घेर ४० सेंटीमीटर आणि मिनिटाला ७००० फेरे असले तर टोक ताशी ५०० किलोमीटरच्या वर फिरत असतं. अर्धी दोरी गवतात खुपसली की हा वेग मरतो, दोरी गुंडाळली जाते आणि मुळाशी तुटते. मग पुन्हा तेच, ‘जरा जाड द्या.’

कोवळ्या झाडाच्या बुंध्याला मात्र कुठलीच दोरी लावू नका. साल गोल सोलली गेली की झाड वाळतं, आणि ते लक्षात येईपर्यंत आपण काय केलं होतं हेही आठवत नाही. तिथे मी खाली बसून विळा चालवतो.