अपरिचित भयपट, विज्ञानपट आणि गुन्हेपट कसे पाहावेत

जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात असे चित्रपट दुपारी लावू नयेत. रात्री शेवभाजी उरकून गच्चीवरच बसावे. सुरुवात २००४ च्या ‘प्रायमर’ने करावी. सुमारे सात हजार डॉलरांत केलेला हा ७७ मिनिटांचा विज्ञानपट कालप्रवासाचे गणित उलगडून सांगत नाही, त्यामुळे एकाच पात्राच्या किती प्रती वावरत आहेत हे कागदावर टिपत राहावे आणि पुन्हा पाहण्याची तयारी ठेवावी (मला तिसऱ्यांदा पाहावा लागला). गुन्हेपटांत ‘ब्लू रुइन’ निवडावा. त्यातील सूड घेणारा माणूस या कामात अगदीच अननुभवी आहे, हेच या चित्रपटाचे बळ. ‘लेक मंगो’ हा २००८ चा ऑस्ट्रेलियन भयपट माहितीपटाच्या धाटणीचा असल्याने दचकण्याची वाट न पाहता छायाचित्रांचे कोपरे न्याहाळावेत आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नये.