उजनीचं गणित एक्सेलमध्ये: सिस्टिम मॉडेलिंगची सुरुवात कशी करावी

पर्यावरणाचं मॉडेल, म्हणजे त्याचं आकड्यांत मांडलेलं सोपं रूप, करायला सुरुवातीला एक एक्सेल शीट पुरते. सोलापूरकरांना तर विषयही घरचाच आहे: उजनी धरण.

आधी प्रश्न ठरवा, आणि तो एकच असू द्या. ‘15 ऑक्टोबरचा साठा जूनअखेर पुरेल का?’ एवढा नेमका. उत्तराला जे लागत नाही, ते बाहेर ठेवा. गाळ, मासे, भिगवणचे फ्लेमिंगोसुद्धा.

मग साठा आणि प्रवाह वेगळे करा. धरणातलं पाणी हा साठा. भीमेतून पुण्याकडून येतो तो येवा. कालवे, भीमा-सीना बोगदा, नदीत सोडलेलं पाणी, उपसा सिंचन, शहराची पाइपलाइन आणि बाष्पीभवन ही जावक. प्रत्येकाला एक रकाना, प्रत्येक महिन्याला एक ओळ. सूत्र इतकंच: पुढचा साठा = आजचा साठा + येवा − जावक.

सगळं टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत आणा. 10,000 क्युसेकचा (सेकंदाला 10,000 घनफूट) विसर्ग दिवसभर चालला, तर 0.86 टीएमसी. पाणी 100 चौरस किलोमीटरवर पसरलंय आणि रोज 8 मिलिमीटर उडतंय असं धरा. महिन्यात सुमारे 0.85 टीएमसी गेलं. टक्केवारी मात्र शीटमध्ये नको. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला जवळपास 64 मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. टक्के मोजतात ते उरलेल्या उपयुक्त साठ्यावर, म्हणून धरण ‘शून्य टक्के’ असतानाही त्यात 64 टीएमसी पाणी असतं.

इथवर नुसता जमाखर्च झाला. मॉडेल खरं उभं राहतं ते फीडबॅक घातल्यावर, म्हणजे साठ्याचा परिणाम फिरून साठ्यावरच कसा होतो ते मांडल्यावर. पाणी उतरलं की पसारा आक्रसतो, बाष्पीभवन घटतं; हा फेरा तोल सावरतो. दुसरा फेरा उसाचा. धरण भरलं की लागवड वाढते, आणि आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो. पुढचा पावसाळा हुकला, तरी तो पाणी मागतोच. माझ्या मते सोलापूरच्या टंचाईत हा उशीर पावसाइतकाच महत्त्वाचा आहे. म्हणून यंदाची मागणी गेल्या वर्षीच्या साठ्याशी जोडा.

आता मागच्या एखाद्या वर्षाचे आकडे घालून पाहा. साठा जुळला नाही, तर ओढूनताणून जुळवू नका. जावकीतला कुठला रकाना सुटलाय ते शोधा. पाणफुगवट्यावरचे पंप आधी तपासा.

जुळल्यावर एका वेळी एकच आकडा हलवा. येवा निम्मा करा, जून पाहा. तो पूर्ववत करून उसाचं क्षेत्र पाव हिश्शाने घटवा, पुन्हा जून पाहा. दोन्ही आलेख शेजारी लावा.