दवाखान्यातली सेफ्टी टेस्टिंग: आधी सॉकेट, मग मशीन

आयटीआय किंवा बायोमेडिकल डिप्लोमा करून या कामात आलेली मुलं नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यात शिरली की मशीनची इलेक्ट्रिकल सेफ्टी मोजणारा अ‍ॅनालायझर काढून थेट ईसीजी मशीनला लावतात. तसं करू नका. आधी सॉकेट बघा. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवं. लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्यावरच राहिलं तर शंका घ्या: बोर्डातच दोन्ही जोडून ठेवलेले असू शकतात. मागे कुठे न्यूट्रल तुटला की मशीनच्या बॉडीवर फेज येतो. तीन दिव्यांचा टेस्टर हा दोष पकडत नाही. इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घ्या, तोवर टेस्ट थांबवा.

नागपूरचा उन्हाळाही ध्यानात ठेवा. मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात कुणी पाणी घातलेलं नसतं आणि अर्थ रेझिस्टन्स चढतो. पावसाळ्यातल्या रीडिंगवर तेव्हा विसंबू नका. वेटिंगमधला लोखंडी कूलर बहुधा त्याच अर्थवर असतो. अर्थ कमजोर असेल तर त्याच्या पंपाचं लिकेज (बाहेर गळणारा करंट) तपासणीच्या खोलीतल्या मशीनच्या बॉडीपर्यंत पोचतं.

आता मशीन. आयईसी ६२३५३ (वापरातल्या वैद्यकीय मशीनच्या टेस्टिंगचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे अर्थ बॉन्ड, म्हणजे प्लगच्या अर्थ पिनेपासून मशीनच्या बॉडीपर्यंतचा रेझिस्टन्स, किमान २०० मिलिअँपिअरवर मोजायचा, पॉवर कॉर्डसकट ०.३ ओहमच्या आत. टेस्ट लीडचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी झीरो करा. क्लिप रंगावर लावलीत तर रीडिंग फुकट जातं, उघडा स्क्रू शोधा. मोजता मोजता कॉर्ड प्लगपाशी आणि मशीनपाशी वाकवून बघा. आकडा ०.१२ वरून ०.८ वर उडाला तर आतल्या तारा तुटत आल्या आहेत. अशी कॉर्ड सरळ ठेवली की पास होते आणि सिस्टरनी ट्रॉली ओढली की अर्थ सुटतो. घाई कितीही असो, ही पायरी गाळू नका.

लिकेज डायरेक्ट मेथडने (मशीन मेन्सवर चालू ठेवून) घेत असाल तर क्लास वनला (अर्थ जोडलेलं मशीन) ५०० आणि क्लास टूला (अर्थ नसलेलं, डबल इन्सुलेशनचं) १०० मायक्रोअँपिअरची मर्यादा. पेशंट जोडलेला नको, मशीन चालू हवं, फेज-न्यूट्रल सुलट आणि उलट दोन्ही घ्या. यूएसबी, प्रिंटर काढून ठेवा, नाहीतर करंट त्या वाटेने निघून जातो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. चौकोनात हृदयाचं चिन्ह म्हणजे सीएफ, थेट हृदयाशी जोडता येणारा, सगळ्यात कडक मर्यादेचा प्रकार. तिथे अप्लाइड पार्टला (पेशंटला लागणारा भाग) फक्त ५० मायक्रोअँपिअर.

बरेच दिवस बंद असलेल्या ऑटोक्लेव्हचा हीटर ओल धरतो. थंड असताना लिकेज जास्त येतं, तापून सुकल्यावर उतरतं. म्हणून दोन्ही रीडिंग लिहा, आणि तापूनही उतरलं नाही तर हीटर बदलायला सांगा.

रिपोर्टवर नुसतं ‘पास’ लिहू नका. अर्थ बॉन्ड मागच्या वर्षी ०.१४ आणि यंदा ०.२६ ओहम आला तर मशीन पासच आहे, पण डॉक्टरांना कॉर्ड आत्ताच बदलायला सांगता येतं.