तुवालू हा देश वर्गात कसा शिकवावा

सुरुवात पैठणच्या नाथसागरापासून करावी. कारण 26 चौरस किलोमीटर म्हणजे किती, हे नुसत्या आकड्याने मुलांना उमगत नाही, पण प्रशांत महासागरातला नऊ बेटांचा हा सबंध देश त्या जलाशयात अनेकदा मावेल असे सांगितले की वर्ग कान टवकारतो. मग फळ्यावर खडूने फुनाफुती या राजधानीचे कंकण काढावे: मध्ये खाऱ्या पाण्याचे सरोवर, भोवती प्रवाळाची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावरच विमानांची धावपट्टी, जिथे संध्याकाळी मुले खेळतात. नदी एकही नसल्यामुळे तेथील लोक छपरावरचे पावसाचे पाणी पन्हाळीने टाकीत उतरवून साठवतात. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावावे लागत नाही.

शेतीवर फार वेळ घालवू नये, माती निकस आहे. मुख्य उत्पन्न परदेशी जहाजांना दिलेल्या मासेमारीच्या परवान्यांचे आणि, मुलांना गंमत वाटते ते, ‘डॉट टीव्ही’चे: संकेतस्थळांच्या नावाशेवटी येणारा हा इंटरनेट पत्ता तुवालूच्या वाट्याचा असून तो वापरू देण्याचे पैसे देशाला मिळतात. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर.

1978 साली स्वतंत्र झालेल्या या देशाचा राष्ट्रप्रमुख ब्रिटनचा राजा असून 16 सदस्यांच्या संसदेत राजकीय पक्षच नाहीत. येथे हात वर होतात. तेव्हा उत्तर न देता सोळा मुले पुढे बोलावून त्यांच्याकडूनच पंतप्रधान निवडून घ्यावा.